खाली ठेवलेला गठ्ठा

सातारा जिल्ह्यातल्या न्यायालयांत मी वीस वर्षं वकिली करते आहे. त्यातली सहा वर्षं एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. परीक्षा संपल्या की मे महिन्यात कॅपला जायचं, म्हणजे मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात बसून विद्यापीठाचे पेपर तपासायचे. आज जे सांगायचं आहे ते त्या पेपरांबद्दल आहे, आणि ते मी आजवर नवऱ्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही.

आमच्याकडे कायदा शिकवला जातो तो मुख्यतः इंग्रजीतून, पण उत्तरं मराठीत लिहायची मुभा असते. कॅपच्या हॉलमध्ये माझ्यासमोर गठ्ठा आला की दोरी सोडून मी आधी त्याचे दोन भाग करायची. इंग्रजीतले पेपर टेबलावर. मराठीतले खाली, खुर्चीच्या पायाशी. टेबलावरचे सकाळी, डोळे ताजे असताना तपासायचे. खालचे दुपारी, जेवून आल्यावर, पंख्याच्या गरम वाऱ्यात, डोळ्यांवर झापड येत असताना. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. शेजारी बसणारे काहीजण तसंच करायचे, काहीजण करायचे नाहीत. मी करायची.

मराठी पेपर हातात घेताना माझं मत आधीच झालेलं असायचं. हा मराठीत लिहितो म्हणजे याला इंग्रजी येत नाही. इंग्रजी येत नाही म्हणजे मूळ पुस्तक उघडलेलं नाही. पुस्तक उघडलेलं नाही म्हणजे गाइडावर भागवलेलं आहे. तेव्हा पास होण्यापुरते गुण द्यायचे आणि पुढचा पेपर ओढायचा. चांगलं उत्तर दिसलं तरी दहापैकी पाचाच्या वर माझं पेन जायचं नाही. तेच उत्तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत असलं तर सहा-सात सहज पडायचे.

एक पेपर अजून आठवतो. करार कायद्याचा. प्रश्न प्रतिफलाचा होता: वचनाचा मोबदला वचन घेणाऱ्याकडूनच यायला हवा, की तिसऱ्याकडून आला तरी चालतो? अपेक्षित उत्तर होतं मद्रासच्या 1882 सालच्या ‘चिन्नय्या विरुद्ध रामय्या’ या निकालाचं. आईने मुलीला मिळकत दिली ती एका नातेवाइकाला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायच्या अटीवर. मुलीने तसं लिहून दिलं आणि पुढे शब्द फिरवला. मोबदला आईकडून आलेला, तरी वचन बंधनकारक ठरलं. त्या विद्यार्थ्याने निकालाचं नाव लिहिलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं की आजीने विहिरीलगतचं एक एकर धाकट्या आत्याला बक्षीसपत्राने दिलं आणि आत्याने थोरलीला दर सुगीला चार पोती ज्वारी द्यायचं कबूल केलं. दोन वर्षांनी पोती यायची बंद झाली. थोरलीने धाकटीला काहीच दिलेलं नाही, मग ती दावा लावू शकते का? लावू शकते, कारण कायद्याने मोबदला वचन घेणाऱ्याकडून किंवा इतर कुणाकडूनही आलेला चालतो. दीड पानात त्याने कलम 2 मधला तो पोटभाग असा उलगडला होता की एखाद्या अशिलालाही कळावा. मी समासात ‘केस लॉ नाही’ असं लिहिलं आणि दहापैकी चार दिले.

त्या दिवशी मी तपासलेल्या पेपरांत ते कलम खरोखर समजलेला बहुधा तो एकटाच होता. हे मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

मी असं का वागत होते? माझी स्वतःची दहावी वाई तालुक्यातल्या मराठी शाळेत झाली. कायद्याच्या पहिल्या वर्षी रोज रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. एका पानाला पाऊण तास लागायचा. तिसऱ्या वर्षापर्यंत शब्दकोश कपाटात गेला. त्या कष्टांचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानातच एक निष्ठुरपणा वाढला. मी केलं, मग यांनी का करू नये? मराठीत उत्तर लिहिण्याची मुभा ही मला कच्च्या मुलांना दिलेली सवलत वाटायची, आणि सवलत घेणाऱ्याने गुणही तेवढेच घ्यावेत असं मी धरून चालले होते. आमच्या बार रूममध्ये एकदा अर्ज आणि कैफियती मराठीतच द्याव्यात असा विषय निघाला, तेव्हा उभं राहून विरोध करणारी मीच होते. कायदा इंग्रजीतच कळतो, असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या.

2018च्या सप्टेंबरमध्ये मी एक वर्षाच्या एलएल.एम.साठी कॅनडाच्या राजधानीत, ओटावा विद्यापीठात गेले. ते इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत चालतं हे माहीत होतं. या दोन भाषांत चालणारं जगातलं ते सर्वांत मोठं विद्यापीठ. पण मी तिथे गेले ते दुसऱ्या कारणांसाठी. दोन भाषा म्हणजे दारांवर दोन पाट्या असतील, एवढीच माझी कल्पना होती.

पाट्या होत्याच. दुकानात, कचेरीत, ग्रंथालयात आधी ‘बोंजूर’ आणि लगेच ‘हॅलो’, म्हणजे समोरच्याने हवी ती वाट धरावी. पण कायद्याच्या इमारतीत वेगळंच काही पाहायला मिळालं. फोतू हॉल हे तिचं नाव, माजी सरन्यायाधीश जेराल्ड फोतू यांच्यावरून. तिथे कायद्याचे दोन विभाग आहेत. एक कॉमन लॉचा. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत हाच चालतो आणि इंग्रजांबरोबर तो आपल्याकडेही आला. दुसरा सिव्हिल लॉचा, नदीपलीकडच्या क्यूबेक प्रांताचा, फ्रेंच परंपरेतला, संहितेवर उभा असलेला. (गोव्यातल्या वकिलांना ही जोडी नवी वाटणार नाही. कुटुंबाच्या बाबतीत त्यांच्याकडे 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे.) खरा धक्का पुढे होता. कॉमन लॉची पदवी तिथे फ्रेंचमधूनही घेता येते. इंग्लंडच्या न्यायालयांत शतकानुशतकं घडलेला कायदा, ज्याच्यासाठी मी शब्दकोश मांडीवर घेऊन रात्री काढल्या, तो ही मुलं पहिल्या दिवसापासून फ्रेंचमध्ये शिकत होती आणि बाहेर पडून ओंटारिओच्या न्यायालयांत उभी राहत होती.

माझा एक सेमिनार कायद्याच्या अर्थनिर्णयावर होता, इंग्रजीतून. नोव्हेंबरात निबंधांचे कच्चे मसुदे एकमेकांना वाचायला द्यायचे होते. माझ्या वाट्याला आला तो उत्तर ओंटारिओतल्या एका लहान गावच्या मुलीचा मसुदा. वर्गात तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार. मसुदा मात्र पहिल्या ओळीपासून फ्रेंचमध्ये. मी प्राध्यापिकांकडे गेले आणि मला फ्रेंच येत नाही, दुसरा द्या, म्हणाले. त्यांनी लगेच बदलून दिला, आधी विचारायला हवं होतं म्हणून माफीही मागितली. निघताना मी सहज बोलून गेले, “तिला इंग्रजी इतकं छान येतं. मग इंग्रजीतच का लिहीत नाही ती?”

“तो प्रश्न इथे आम्ही विचारत नाही,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

मला मात्र ते लागलं. रात्री खोलीवर येऊन मी विद्यापीठाचा नियम शोधून वाचला. शिकवण्याची भाषा कोणतीही असो, विद्यार्थी आपलं लेखन आणि परीक्षेतली उत्तरं इंग्रजी किंवा फ्रेंच, पसंतीच्या भाषेत लिहू शकतो. भाषा शिकवण्याचे वर्ग तेवढे अपवाद. शब्दांपुरतं पाहिलं तर आमच्याच नियमासारखा. फरक होता तो वाचणाऱ्याच्या वागण्यात. निबंध वाचू शकेल असा वाचक देणं हे विद्यापीठाचं काम आहे, असं माझ्या विभागात सगळे गृहीत धरून चालत होते. पुढे त्या मुलीचा निबंध परत आला तेव्हा तिने मला दाखवला. कडेला प्राध्यापिकांच्या बारीक अक्षरातल्या टिपा होत्या, पानोपानी, फ्रेंचमध्ये. मराठी पेपरांवर मी सहा वर्षांत किती टिपा लिहिल्या होत्या, ते आठवून पाहिलं. ‘केस लॉ नाही’ एवढीच आठवली.

प्राध्यापिकांच्या त्या वाक्याचा अर्थ मला एका निकालात सापडला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1999चा बोलाक खटला. ब्रिटिश कोलंबियासारख्या जवळजवळ पूर्ण इंग्रजी प्रांतात खुनाचा आरोप असलेल्या माणसाने दोन्ही भाषा समजणारे न्यायाधीश आणि ज्युरी मागितले. त्याला इंग्रजी पुरेसं येतं, म्हणून मागणी नाकारली गेली आणि शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून नव्याने खटला चालवायला सांगितलं. न्यायमूर्ती मिशेल बास्ताराश यांच्या निकालपत्राचा गाभा असा: आरोपीला इंग्रजी किती येतं हा मुद्दाच गैरलागू आहे. तसं असतं तर इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाचा हा हक्क संपला असता. शासनाची गैरसोय हेही कारण चालणार नाही. भाषेचा हक्क हा निष्पक्ष सुनावणीच्या हक्काहून वेगळा आहे. न्यायसंस्था स्वतःच दोन्ही भाषांत चालावी, यासाठीचा तो हक्क आहे. हे बास्ताराश एके काळी याच विद्यापीठात कॉमन लॉ विभागाचे सहअधिष्ठाता होते, आणि फ्रेंचमधलं कॉमन लॉचं शिक्षण उभं करणाऱ्यांपैकी एक.

मी ते निकालपत्र एका बैठकीत वाचलं. ‘गैरलागू’ या शब्दावर थांबले. माझी कॅपमधली सगळी तपासणी याच एका प्रश्नावर उभी होती, याला इंग्रजी येतं की नाही.

सेमिनारमध्ये जे शिकले ते आणखी खोल गेलं. कॅनडाचा केंद्रीय कायदा दोन भाषांत असतो आणि दोन्ही पाठ सारख्याच अधिकाराचे. 1978पासून प्रत्येक विधेयकाचा मसुदा दोघे मिळून करतात, एक इंग्रजीत लिहिणारा आणि एक फ्रेंचमध्ये. कुठलाही पाठ दुसऱ्याचं भाषांतर नसतो. दोन पाठांत फरक निघाला तर न्यायाधीशाला एक बाजूला ठेवता येत नाही. दोन्हींना समान असलेला अर्थ शोधावा लागतो. 2004चा एक निकाल वाचला. जुन्या वस्तूंच्या दुकानात, चोरीचा असल्याचं सुचवून विकलेला माल घेतल्याबद्दल आरोपींवर काळा पैसा पांढरा करण्याचं कलम लावलेलं होतं. इंग्रजी पाठात शेवटी ‘किंवा अन्य कोणत्याही प्रकारे व्यवहार केला’ अशा अर्थाचे सगळं कवेत घेणारे शब्द होते. फ्रेंच पाठात ते नव्हतेच. न्यायालयाने फ्रेंचमधला आखूड अर्थ धरला आणि आरोपी सुटले. धाकट्या भाषेच्या पाठात जे नव्हतं, त्यामुळे माणसं सुटली. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 348प्रमाणे राज्याने कायदा आपल्या भाषेत केला तरी राजपत्रात प्रसिद्ध झालेलं त्याचं इंग्रजी भाषांतर हा अधिकृत पाठ मानतात. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मग शब्दांचा प्रश्न. बार रूममधल्या माझ्या भाषणाचा कणा तोच होता: कायद्याचे शब्द मराठीत नाहीत, आणि केले तर ते कुणाला कळत नाहीत. ओटावात मी फ्रेंच विभागातल्या मुलांची पुस्तकं चाळली. ज्याला आपण प्रतिफल म्हणतो त्याला त्यांनी ‘कोंत्रपार्ती’ हा शब्द घेतला आहे. ट्रस्टला ‘फिद्युसी’. आणि ‘कॉमन लॉ’ला? ‘ला कॉमन लॉ’. इंग्रजी शब्द तसाच ठेवला, फक्त स्त्रीलिंगी केला आणि कामाला लागले. जिथे शब्द होता तिथे वापरला, नव्हता तिथे घडवला, आणि अडलं तिथे उसना घेतला. इंग्रजी कायद्यानेही हेच केलेलं आहे. मॉर्गेज, टॉर्ट, एस्टॉपेल, व्हर्डिक्ट हे सगळे नॉर्मन विजेत्यांच्या फ्रेंचमधून आलेले शब्द. इंग्लंडमध्ये न्यायालयं फ्रेंचमध्ये चालत. सामान्य माणसाला आपल्यावर काय आरोप आहे तेही कळत नसे, म्हणून 1362 साली बाजू इंग्रजीत मांडण्याचा कायदा झाला. तो कायदा फ्रेंचमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे कायदा इंग्रजीत कळत नाही असं मानणारे वकील खुद्द इंग्लंडमध्ये होते, आणि ते चुकीचे ठरायला काही शतकं लागली.

हे वाचलं त्या रात्री मी वहीत सहज आमच्या कोर्टातले शब्द लिहायला बसले. दावा, कैफियत, वादी, प्रतिवादी, सरतपास, उलटतपास, फेरतपास, निशाणी, जबाब, हुकूमनामा, दरखास्त, तूर्तातूर्त मनाई, वकीलपत्र, मुखत्यारपत्र, गहाणखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, फेरफार, पुकारा. तीन पानं भरली. फारसीतून आलेले, संस्कृतातून आलेले, इंग्रजीतून आलेले, सगळे मराठीत मुरलेले. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही रुळले, काही नाही. आणि जे रुळले नाहीत त्यांच्या जागी जुने शब्द आजही कामाला येतात. माझा अशील यातले बहुतेक शब्द जाणतो. गावातली म्हातारी बाईसुद्धा ‘मनाई मिळाली का’ असं विचारते. शब्द होते. माझ्याच तोंडात होते. 21 जुलै 1998च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी केली, त्या न्यायालयांत मी उभी राहत होते, आणि तरी बार रूममध्ये शब्द नाहीत म्हणून सांगत होते.

इथवर आले तेव्हा वाटलं, उत्तर सापडलं: दोन भाषा शेजारी ठेवल्या की झालं. तेही मत टिकलं नाही. ते मोडलं त्या उत्तर ओंटारिओच्या मुलीमुळे.

दुपारी जेवायला आम्ही आठजण बसायचो. सहाजण घरी फ्रेंच बोलणारे. फ्रेंच न येणारा एक जरी माणूस आला की सगळं टेबल इंग्रजीवर जायचं, कुणी न सांगता. बहुतेक वेळा तो माणूस मी असायची. तिने एकदा मला ते दाखवून दिलं, तक्रार म्हणून नाही, अशीच वस्तुस्थिती म्हणून. ती म्हणाली की तिच्या गावात हेच घडतं, आणि दोन पिढ्यांत घरातली भाषा बदलते. विद्यापीठात साधारण तिघांत एक विद्यार्थी फ्रेंचमध्ये शिकतो. नियमात भाषा दोन असल्या तरी व्हरांड्यात एकच ऐकू येते.

15 नोव्हेंबर 2018ला ओंटारिओ सरकारने टोरोंटोतल्या नियोजित फ्रेंच विद्यापीठाचा प्रकल्प रद्द करत असल्याचं आणि फ्रेंच सेवांच्या स्वतंत्र आयुक्ताचं पद काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. 1 डिसेंबरला प्रांतभर निदर्शनं झाली. ओटावात लोक सिटी हॉलपाशी जमले. विद्यापीठातून कालवा ओलांडला की सिटी हॉल. मी तिच्याबरोबर गेले. पांढरे-हिरवे झेंडे, एका बाजूला फ्रान्सची लिली आणि दुसऱ्या बाजूला ओंटारिओचं ट्रिलियम फूल. थंडीने माझे पाय बधिर झाले होते. मी तिला विचारलं, राजधानीत एवढं मोठं दोन भाषांचं विद्यापीठ असताना आणखी एक पूर्ण फ्रेंच कशाला हवं? तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला मरे स्ट्रीटवर घेऊन गेली.

तिथे एकोल गीग नावाच्या जुन्या शाळेची इमारत उभी आहे. 1912 साली ओंटारिओने सतराव्या नियमान्वये प्राथमिक शाळांतलं फ्रेंच पहिल्या दोन वर्षांपुरतं ठेवलं. या शाळेतल्या बेआत्रिस आणि दियान देलोज या दोघी बहिणींनी फ्रेंचमध्ये शिकवणं सोडलं नाही. त्यांना काढलं, तेव्हा 1916च्या जानेवारीत आयांनी शाळेला वेढा दिला आणि टोपीला लावायच्या लांब टाचण्या हातात घेऊन पोलिसांना दारातून परतवलं. तो नियम 1927पर्यंत जाचत राहिला. प्रांताच्या सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती 2016 साली. शाळेला ज्यांचं नाव आहे त्या बिशप गीग यांनीच 1848मध्ये, ओटावाचं नाव अजून बायटाउन होतं तेव्हा, ते कॉलेज काढलं ज्याचं पुढे हे विद्यापीठ झालं. लाकडाच्या धंद्याचं गाव, आयरिश आणि फ्रेंच मजुरांचे रक्तबंबाळ दंगे नुकतेच होऊन गेलेले. त्या गावात पाद्र्यांनी सकाळी फ्रेंचमध्ये आणि दुपारी इंग्रजीत शिकवायला सुरुवात केली. पण 1874पासून पाव शतक तिथेही शिकवण्याची भाषा इंग्रजीच होऊन बसली होती. दोन भाषांच्या घरातून एक भाषा बाहेर जायला कुणी तिला हाकलावं लागत नाही.

म्हणूनच 1965च्या ज्या कायद्याने हे विद्यापीठ चर्चच्या हातून निघून सार्वजनिक झालं, त्याच्या उद्दिष्टांत दोन भाषांना पुढे नेण्याबरोबर एक वेगळं वाक्य आहे: ओंटारिओतली फ्रेंच संस्कृती जपायची आणि वाढवायची. इंग्रजीबद्दल तसं काही लिहिलेलं नाही, कारण तिला गरज नव्हती. समान वागवायचं असेल तर धाकटीच्या बाजूने झुकायला हवं, हे त्या कायद्याने लिहून ठेवलं. मोंफोर या फ्रेंच रुग्णालयाच्या प्रकरणात हेच दिसलं. 1997मध्ये ते बंद करायचं ठरलं. सेवा शहरातल्या दुसऱ्या, दोन भाषांच्या रुग्णालयात मिळतील असं सांगितलं गेलं. जिझेल लालोंद यांच्या पुढाकाराने 22 मार्चला दहा हजार माणसं जमली, लढा कोर्टात गेला, आणि 2001मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने मोंफोर वाचवलं. फ्रेंच समाजासाठी त्या संस्थेचं असणंच महत्त्वाचं आहे, दोन भाषांची सोय ही तिची बरोबरी करू शकत नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. आज ओटावा विद्यापीठाचे फ्रेंचमधून वैद्यक शिकणारे विद्यार्थी तिथे काम शिकतात. टोरोंटोचं फ्रेंच विद्यापीठही पुढे 2021मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी सडबरीतल्या दोन भाषांच्या विद्यापीठाने दिवाळखोरीत 69 अभ्यासक्रम बंद केले. त्यांतले 28 फ्रेंच होते.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत राहिली आणि ती लिहिल्याशिवाय हे मनोगत पुरं होणार नाही. ओटावाचं ते आवार अल्गोंक्विन लोकांच्या जमिनीवर आहे, जी त्यांनी कधी कुणाला लिहून दिली नाही. समारंभाच्या सुरुवातीला हे बोलून दाखवतात. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जहाजांतून आल्या. तिथली मूळ भाषा त्या दोघींच्याही पाट्यांवर नसते. ते ऐकताना मला आमच्याच कोर्टातला एक फासेपारधी साक्षीदार आठवला. तो घरच्या बोलीत सांगायला लागला होता आणि मी उलटतपासात त्याला दरडावून म्हणाले होते, “नीट मराठीत सांगा.” तिथे थोरली भाषा मराठी होती आणि तिच्या बाजूने मी उभी होते.

2019च्या सप्टेंबरात परत आले. पुढच्या वर्षी बार रूममध्ये मराठी अर्जांचा विषय मी स्वतः काढला आणि आधीच्या भाषणातलं माझं म्हणणं चुकीचं होतं असं सांगितलं. या वेळी टाळ्या नव्हत्या. एका ज्येष्ठांनी विचारलं, कॅनडात जाऊन मराठी आठवली का? मी हो म्हणाले, कारण तसंच झालं होतं. आता करार कायद्याच्या टिपणांचं काम करते आहे, मराठीत, कोर्टात चालणाऱ्या शब्दांत. प्रतिफलाच्या प्रकरणात चिन्नय्या-रामय्या आहे, आणि त्याच्या आधी विहिरीलगतच्या एका एकराचं उदाहरण आहे. ते ज्याचं आहे त्याचं नाव मला माहीत नाही; कॅपमध्ये पेपरावर नाव नसतं. उत्तरपत्रिका मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे ते चार गुण आता सुधारता येणार नाहीत. त्या सहा वर्षांत ज्यांनी मराठीत लिहिलं आणि ज्यांचे पेपर माझ्या पायाशी पडून राहिले, त्या सगळ्यांची मी माफी मागते.

आणि येत्या मे महिन्यात कॅपला जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. दोरी सोडल्यावर गठ्ठ्याचे दोन भाग करू नका. जसा आला असेल तसाच, वरून खाली तपासा.